एसटीत राहिलेला आंबेमोहोर

आमच्या घरात बाजार करायचं काम लग्न झाल्यापासून बायकोकडे होतं आणि ते तसंच राहावं अशी आम्हा दोघांचीही इच्छा होती. ती भोंगवलीची, शेतकऱ्याच्या घरातली. वांग्याचा देठ बघून ते कधी तोडलंय हे ती सांगते, आणि विकणाऱ्या बाईशी भाव करता करता तिच्या लेकीचं सासर कुठलं इथपर्यंत पोचते. मी पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. आमच्याकडे एक जण हस्तलिखित मोठ्याने वाचायचा आणि दुसरा समोरच्या मुद्रितावर चुका पकडायचा. मी दुसरा. इतकी वर्षं कान उघडे आणि तोंड बंद ठेवून पगार घेतला. निवृत्तीनंतर आम्ही नसरापूरला लहानसं घर घेऊन राहायला आलो, तेव्हा माहेर जवळ आलं म्हणून तिला आनंद झाला, आणि रस्त्यात थांबून बोलावं लागेल असं ओळखीचं कुणी नाही म्हणून मला.

गेल्या हिवाळ्यात तिचा गुडघा धरला. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायचं नाही असं बजावलं, आणि रविवारचा बाजार माझ्या गळ्यात आला.

हा बाजार विंझरला भरतो. मोठा आठवडे बाजार नव्हे. वेल्ह्याच्या रस्त्याला लागून, चिंचेच्या झाडांखाली आसपासच्या गावांतली माणसं आपापल्या शेतातलं आणून बसतात. मध्ये व्यापारी नाही. कुणी बाहेरून आणलेला माल मांडलाच तर बाकीचेच त्याला उठवतात. राजगडाकडे जाणाऱ्या मोटारी रविवारी सकाळी याच रस्त्याने येतात, म्हणून वेळही सकाळची. ऊन वर आलं की बाजार हळूहळू विरळ होत जातो.

पहिल्या रविवारी स्कूटर लावून मी आत शिरलो आणि अगदी कडेला बसलेल्या बाईंसमोर थांबलो, कारण तिथे गर्दी नव्हती. त्या साठीच्या पुढच्या. काटक, नाकात मोठी चमकी, अंगावर पुरुषी स्वेटर. सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागलो, तसं आमच्या वयात फारसं अंतर नसणार. त्या वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या, डोंगराच्या पोटातल्या एका वाडीवरून पहिल्या एसटीने खाली येत. मला काही बोलावंच लागलं नाही. "पिशवी करा हिकडं," म्हणाल्या, आणि त्यांनीच चाकवत, मुळा, पावट्याच्या शेंगा भरून दिल्या. घरी बायकोने एकेक जिन्नस बाहेर काढून पाहिला आणि म्हणाली, "बाई चांगली आहे. तिच्याकडूनच घेत जा." मला तेवढंच हवं होतं. पुढचे रविवार मी थेट त्याच कडेला जायचो, पिशवी पुढे करायचो आणि भरून झाली की परत फिरायचो.

मग थोरले मेहुणे आमच्याकडे यायचं ठरलं. त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. दोन-तीन महिने अंथरुणाला खिळून होते, अन्नावरची वासना उडाली होती. आता कुठे हिंडायला-फिरायला लागले होते, आणि पहिल्यांदा बाहेरगावी जायचं तर बहिणीकडे जायचं असं त्यांनी ठरवलं. बायकोने आठ दिवस आधीपासून डोक्यात पानं वाढायला सुरुवात केली. "दादाला मऊ भात द्यायचा," ती म्हणाली. "नव्या आंबेमोहोराचा. त्यावर तूप आणि मेतकूट. आमच्याकडे ज्वारी घ्या, गहू घ्या, घेवडा घ्या. पण भात खावा तो वेल्ह्याकडचा."

म्हणून ते यायच्या आठवडाभर आधीच्या रविवारी मी मावशींशी आपण होऊन पहिलं वाक्य बोललो. "मावशी, नवा आंबेमोहोर मिळेल का?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "घरचा हाय. खायापुरताच करतो आमी, त्यो बाजारात न्हाई आणत. कुणासाठी पायजे?"

मी मेहुण्यांचं सांगितलं. ऑपरेशनचंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आजारी मानसाला पायजे म्हंजी आणलाच पायजे. पुढल्या ऐतवारी देते. गिरणीतनं काढूनच आणते."

त्या पुढच्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचलो. धुकं अजून रस्त्यावर होतं. एसटी नुकतीच सगळ्यांना उतरवून पुण्याच्या बाजूला निघून गेली होती आणि बाया टोपल्या मांडत होत्या. मावशींनी पोतं अंथरलं, त्यावर चाकवताच्या जुड्या रचल्या, पावट्याच्या शेंगांचा ढीग केला, दोन लाल भोपळे ठेवले, तुसात घातलेल्या गावठी अंड्यांची पाटी पदराने झाकली. मी पिशवी पुढे केली.

"तांदूळ आणला ना मावशी?"

"आणला तर," म्हणत त्या मागे वळल्या. मागे काहीच नव्हतं. त्यांनी टोपली उचलून बघितली, पोत्याचं टोक उचलून बघितलं. मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "आगं बाई! गोणी एसटीतच ऱ्हायली!"

सगळी रांग गोळा झाली. शेजारी बसणारी तूपवाली सगळ्यांत पुढे. ती तिशीतली, गावातल्या बायकांच्या गटाचं तूप, मध आणि नाचणीचं पीठ घेऊन बसायची. तिच्यासमोर गटाच्या नावाची पाटी होती, फुलं काढलेलं टेबल होतं आणि पैसे घ्यायला मोबाईलवरचा कोडही होता. "कुठं ठिवली व्हती?" तिने विचारलं.

"मागल्या शिटाखाली. म्हनलं पायात येतीय, सरकवावी आत. आन् उतरताना ह्या भोपळ्यांच्या नादात..."

कंडक्टरला फोन करा, असं कुणीतरी म्हणालं. कंडक्टरचा नंबर कुणाकडे असणार? मी म्हणालो, "चला, मी स्कूटरवरून नेतो तुम्हाला. नसरापूरला गाडी थोडी थांबते."

मावशींनी माझ्या स्कूटरकडे पाहिलं. ती माझ्या मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतली. "दादा, ह्या गाडीवर मला बसवून एसटी गाठायची म्हंजी ती स्वारगेटला जाऊन परत येईल," त्या म्हणाल्या. रागाने नाही, खरं काय ते सांगितलं.

तेवढ्यात रस्त्यावरून दुधाचे कॅन घेऊन एक टेम्पो नसरापूरकडे निघाला होता. तूपवालीने थेट रस्त्यात जाऊन त्याला हात केला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. मावशी पदर खोचून टेम्पोकडे धावल्या, अर्ध्यातून परत आल्या, आणि माझ्या खांद्याला धरून मला त्यांच्या जागी, पोत्यावर बसवलं.

"तुमच्या तांदळासाठी चाललीय. तवर बसा हितं."

"मी? मावशी, मला यातलं..."

"जुडी धा रुपयाला. पावटा काय लोकं देतील त्ये घ्या, पर लई पाडून देऊ नका. अंडी हालवू नका." टेम्पोत चढून दार लावल्यावर त्यांनी पुन्हा डोकं बाहेर काढलं. "आन् भोपळा कापू नका!"

टेम्पो धुक्यात गेला. मी पोत्यावर मांडी घालून बसलो होतो, पुढ्यात चाकवत, आणि काय करायचं ते मला मुळीच कळत नव्हतं.

खालून बाजार वेगळाच दिसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. माणसं कमरेपर्यंतच येतात. बूट दिसतात, चपला दिसतात, पिशव्या दिसतात. पुष्कळ पिशव्या माझ्यासमोर थांबल्या आणि पुढे गेल्या, कारण मी मान खाली घालून बसलो होतो. एक बाई तर मलाच विचारून गेली, "या भाजीचं कोण आहे इथे?" आणि मी म्हणालो, "त्या येतील इतक्यात."

तूपवाली हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "काका, असं मयताला बसल्यावानी बसून कोन घेनार हाय? वरडा की वाईच."

"काय ओरडू?"

"चाकवत घ्या म्हना, पावटा घ्या म्हना. जे म्होरं हाय त्येच म्हनायचं."

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "चाकवत घ्या." ते माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत ऐकू गेलं असेल. तूपवाली हसली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. ती म्हणाली, "आता त्या झाडाला आयकू जाईल असं." मी समोरच्या चिंचेकडे बघून पुन्हा म्हणालो. मग मला आमचे छापखान्यातले वाचक आठवले. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह सुरू, सगळं ते एका पट्टीत, न थांबता म्हणत जायचे. आवाज मोठा नसायचा, पण यंत्रांच्या खडखडाटातूनही शब्द सुटा ऐकू यायचा. मी तसं म्हणून पाहिलं. "कोवळा चाकवत. भरलेला पावटा. घरची अंडी. अख्खा भोपळा." अख्ख्यावर जरा जोर दिला. एक मोटार थांबली.

त्यातून एक तरुण नवरा-बायको उतरली. नवीन लग्न झालेली असावीत. दोघं पावट्याच्या शेंगा हातात घेऊन उलटसुलट बघत होती. "काका, हे कसं करायचं?" मुलीने विचारलं.

मला पावटा खाता येतो. फार आवडतो. पण तो शेंगेतून निघून वाटीत कसा येतो याच्याशी माझा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि बायकोला फोन लावला.

"मिळाला का तांदूळ?" तिने उचलल्या उचलल्या विचारलं.

"येतोय. त्याआधी पावट्याची उसळ कशी करायची ते सांग."

"तुम्ही करणार?"

"मी विकतोय."

मग मी सगळी हकीकत सांगितली, एसटी, गोणी, टेम्पो. ती इतकी हसली की तो तरुणही हसायला लागला. "स्पीकरवर टाका," ती म्हणाली. मी टाकला.

"हे बघ बाळा," माझी बायको त्या अनोळखी मुलीला म्हणाली, "शेंगा सोलायच्या त्या आजच सोलायच्या. फ्रिजात टाकून चार दिवस ठेवशील तर माती. कांदा परतून घे, लसूण ठेचून घाल, चिरायचा नाही. दाणे टाक, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर होऊ दे. शिजत आला की गूळ आणि आमसूल. खोबरं असलं तर शेवटी. आन् ढवळत बसू नको, लगदा होतोय." घरचं काही सांगायला लागली की तिची भाषा आपोआप भोंगवलीला जाते.

"आणि सालं कडक असतील तर?" मुलीने विचारलं.

"शेंग दाबून बघ. आतला दाणा बोटाला लागतोय का? लागतोय ना? मंग झालं. अहो, चांगला निवडून द्या त्यांना, वरवरचा देऊ नका."

आजूबाजूला आणखी दोन-तीन बायका थांबल्या होत्या. एकीने फोनलाच विचारलं, की चाकवताला ताक लावतात की डाळीचं पीठ. त्यावर बायकोचं आणि त्या बाईचं थोडं मतभेदाचं बोलणं झालं. त्या बाईच्या सासरी म्हणे नुसती मुगाची डाळ घालतात. "घालत असतील," बायको म्हणाली, ज्या सुरात ती नको असलेल्या चुलतसासऱ्यांबद्दल बोलते त्या सुरात. पण तोपर्यंत चाकवताचा ढीग निम्मा झाला होता. पैसे मोबाईलवरून द्यायचे म्हणणाऱ्यांना तूपवालीचा कोड मी दाखवत होतो, आणि ती "मावशीचं येगळं ठिवते मी" म्हणून मान हलवत होती.

फोन बंद करून मी वर बघितलं तर आमच्या नसरापूरच्या गल्लीतले एक गृहस्थ समोर उभे. त्यांचा बंगला कोपऱ्यावर आहे. रस्त्यात भेटले की आम्ही एकमेकांना मान लववतो, त्यापलीकडे ओळख नाही. ते सहकुटुंब गडाच्या पायथ्याशी निघाले होते.

"अहो, तुम्ही?" ते म्हणाले. "हे काय? पेन्शन पुरत नाही की काय?"

ते गमतीने म्हणाले होते, पण त्यांच्या मागे त्यांची सून होती, व्याही होते, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. क्षणभर वाटलं, उठावं, पँट झटकावी आणि सांगावं की मी नाही, मी फक्त बसलोय. तसं मी म्हणायला लागलोही होतो. पण तेवढ्यात माझ्या हातात एका आजींनी दिलेली पिशवी होती, त्या जुडी टाकायची वाट बघत होत्या, आणि पिशवी मध्येच सोडून उठणं बरं दिसलं नसतं. मी जुडी टाकली, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि गृहस्थांना म्हणालो, "पावटा घेऊन जा. आजच सोलायचा मात्र."

त्यांनी घेतला. शिवाय भोपळ्याकडे बोट दाखवलं. "अर्धा कापून द्या."

"भोपळा कापायचा नाही."

"का?"

का ते मलाही माहीत नव्हतं. पण ज्या अर्थी टेम्पोतून डोकं बाहेर काढून सांगितलं होतं, त्या अर्थी काहीतरी असणार. "कापायचा नाही," मी परत म्हणालो. आयुष्यात मी कुणाला इतक्या ठामपणे नाही म्हटल्याचं आठवत नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि अख्खा भोपळा उचलून काखेत मारला. जाताना म्हणाले, "या एकदा चहाला." नुसती मान लववण्याचा आमचा शिरस्ता त्या दिवसापासून मोडला.

ऊन अंगावर आलं. धुकं कधी गेलं ते कळलंच नाही. आणि मग माझ्या मांडीखालून एक गाणं वाजायला लागलं. मी दचकून उठलो. पोत्याखाली मावशींच्या पिशवीत त्यांचा मोबाईल होता. तूपवालीने कपाळावर हात मारला. "फोन हितंच टाकून गेली म्हातारी!"

अनोळखी नंबर होता. मी उचलला.

"दादा!" पलीकडून इतक्या जोरात आवाज आला की आजूबाजूच्यांनाही ऐकू गेला. "घावली!"

"कुठे? तुम्ही कुठून बोलताय?"

"कंडक्टरच्या फोनवरनं. मला माजाच नंबर पाठ हाय, दुसरा कुनाचा न्हाई. म्हनलं लावून बगावं. गोणी हाय, शाबूत हाय. आले म्या दुसऱ्या गाडीनं. भोपळा कापला न्हाई ना?"

"नाही."

"बरं केलं," म्हणाल्या, आणि फोन बंद झाला. मी तूपवालीला सांगितलं, तिने रांगेत पुढे बसलेल्या मधवाल्याला सांगितलं, आणि बातमी शेवटच्या टोकापर्यंत गेली. सकाळपासून जो तो मला येऊन "आली का?" विचारत होता. त्या गोणीची सगळ्या बाजारालाच काळजी लागली होती.

दुपार व्हायच्या आत वेल्ह्याकडे जाणारी एसटी आली आणि मावशी उतरल्या. गोणी डोक्यावर. ती अजिबात मोठी नव्हती, तोंड सुतळीने शिवलेलं, एका कोपऱ्याला चहाचा डाग. उतरल्या उतरल्या हकीकत सुरू. मार्गासनीच्या पुढे टेम्पोला एसटी दिसली, पण एसटीचा ड्रायव्हर काही केल्या थांबेना, त्याला वाटलं दुधाचा टेम्पो शर्यत लावतोय. नसरापूरला गाडी उभी राहिली तेव्हा ह्या धावत मागच्या दाराने चढल्या, तर मागच्या शिटावर एक जाडजूड इसम गोणीवर पाय ठेवून झोपलेला.

"म्या म्हनलं, पाव्हणं, पाय काडा. त्यो म्हनतो, जागा धरलीया. म्या म्हनलं, जागा ऱ्हाऊ द्या तुमाला, आजारी मानसाचा भात हाय त्यो, पाय कसला लावताय! तसा उठला आन् पाया पडला गोणीच्या." मावशींनी पाया पडून दाखवलं. "कंडक्टर भला मानूस. चहा पाजला मला. त्याचाच सांडला हिच्यावर."

सगळे हसले. मग मावशींची नजर खाली गेली. पोत्यावर एक भोपळा आणि अंड्यांची पाटी. बाकी नुसती चाकवताची चार-दोन पानं.

मला वाटलं आता शाबासकी मिळणार.

"समदी भाजी इकली?" त्या म्हणाल्या.

"समदी," मी म्हणालो. मला जरा अभिमान वाटत होता.

"आन् आता म्या काय करू?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"आवं, माजी गाडी दुपारच्याला. तवर हितं बसून लोकांशी बोलायचं, त्यासाठनं तर येते म्या. घरी कोन हाय बोलाया? म्हशी. आन् तुमी सकाळच्याच पारी समदं इकून बसला!" त्या खरोखरच हिरमुसल्या होत्या. चाकवत नसलेल्या बाईपाशी कोण थांबणार?

मग त्यांनीच तोड काढली. तूपवालीला सरकवलं, तिच्या नाचणीच्या पिठाच्या पिशव्या आपल्या पोत्यावर ओढल्या आणि त्या विकायला बसल्या. "तू तुपाचं बग," तिला म्हणाल्या. "पीठ माज्याकडं." आणि मला, "तुमी कुठं निघाला? बसा. जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

मग मावशींच्या भाकरीचं फडकं सुटलं. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, तूपवालीच्या डब्यातली मेथी, आणि मधवाल्याने आणून दिलेला मधाच्या पोळ्याचा तुकडा. मी पेपरच्या कागदावर भाकरी घेऊन चिंचेच्या सावलीत तिघांच्या मध्ये बसलो होतो. समोरून पिशव्या जात होत्या, मावशी त्यांना हाका मारत होत्या, आणि मला कुठेही जायची घाई नव्हती. मी विचारलं, "मावशी, भोपळा का कापायचा नव्हता?"

"कापला की अर्धा उरतो," त्या म्हणाल्या. "उरलेला अर्धा कोन न्हेतंय? माज्याच डोस्क्यावर परत एसटीत. अख्खा उरला तर पुढल्या ऐतवारी परत आणता येतो." एवढंच कारण होतं. मी मात्र सकाळपासून त्यामागे काहीतरी धार्मिक असावं असं धरून चाललो होतो.

निघताना त्यांनी सुतळी उसवली, मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, त्यावर हलकेच फुंकर मारली आणि हात माझ्या नाकापाशी आणला. बारका, आखूड दाणा. वासाचं वर्णन मला करता येत नाही. तूपवालीनेही वाकून वास घेतला आणि म्हणाली, "मावशी, आमाला कधी न्हाई आणलास?" मावशी म्हणाल्या, "तू आजारी पड, मंग आणते."

सोमवारी मेहुणे आले, बरोबर वहिनीही. मी मेहुण्यांना पाहिलं आणि जरा चरकलो. सदरा खांद्यावर लोंबत होता, गालफडं बसली होती. "हात-पाय धू, दादा," एवढंच म्हणून बायको आत गेली. भात चुलीवर होता, म्हणजे गॅसवर, पण तिने तो जुन्या पितळी पातेल्यात टाकला होता आणि कुकरला हात लावला नव्हता. वाफ यायला लागली तसा घरभर वास पसरला. बाहेरच्या खोलीत मेहुणे माझ्याशी गव्हाच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते, ते मध्येच थांबले आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "काय शिजतंय?"

पानावर बसल्यावर त्यांनी पहिला घास अगदी लहान घेतला. ऑपरेशननंतरची सवय असेल. मेतकूट कालवलं, तूप आणखी मागितलं. मग ते मोठे घास घ्यायला लागले. बायको समोर बसून वाढत होती आणि मी काल काय पराक्रम केला ते तिखटमीठ लावून सांगत होती. तिच्या सांगण्यात मी "भोपळा कापणार नाही" असं गर्जून म्हणालो होतो. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मेहुण्यांनी पान पुढे सरकवलं.

"घाल अजून," ते म्हणाले.

वहिनींनी हसणं थांबवून बायकोकडे पाहिलं. बायकोने भात वाढला. वाढता वाढताच तिने मला दटावलं, "तुम्ही काय बघताय? लोणचं द्या दादाला."

आता तिचा गुडघा बराच बरा आहे. परवाच्या रविवारी ती माझ्याबरोबर स्कूटरवर मागे बसून विंझरला आली. मावशींशी तिची पहिलीच गाठ. मी दोघींची ओळख करून द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांचं सुरू झालं होतं. बायकोने मेथीची जुडी उचलून म्हटलं, "ही कालची दिसतेय." मावशी म्हणाल्या, "कालची? आवं, दव तरी सुकलंय का बगा तिच्यावरचं!" भाव झाला, वाद झाला, भोंगवलीत मावशींची एक भाची दिलेली आहे हे निघालं, ती बायकोच्या शेजारच्याच आळीत असल्याचं निघालं. बायको पोत्याच्या कडेवर टेकली. तूपवालीने मला खूण केली, तशी मी तिच्या टेबलामागे गेलो. ती चहा आणायला गेली होती तेवढ्यात एक मोटार थांबली, आणि खिडकीतून कुणीतरी विचारलं, "तूप घरचं आहे का हो?"

"घरचं," मी म्हणालो. "झाकण उघडून वास घ्या."